हेल्मेटमधले जर्दाळू

त्या सोमवारी सकाळी सव्वादहाला सत्यशीला गर्जेच्या हेडफोनमध्ये जो आवाज आला, तो पाय मोडलेल्या माणसाचा वाटतच नव्हता.

"नमस्कार. मी कानिफनाथ सदाफळ. किरगिझस्तानातनं बोलतोय. फार काही नाही, पाय मोडलाय… तुमचा चहा व्हायचा असेल तर थांबतो मी."

सत्यशीलाची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. नगरच्या सावेडीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, खिडकीशी लावलेल्या टेबलावर बसून ती चार वर्षं हेच काम करत होती. प्रवास विमा काढून परदेशी गेलेली माणसं तिकडे आजारी पडली, कुठे धडपडली, की त्यांचे फोन तिच्याकडे यायचे. लोक रडायचे, ओरडायचे, तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. चहाचं आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"पॉलिसी नंबर सांगा," ती म्हणाली.

"सांगतो की. तुम्ही मराठी बोलताय हे लई बरं झालं. कालपासून मी इथं नुसती मान हलवतोय."

हळूहळू माहिती जमली. वय एकतीस, राहणार राहाता, पेरूची बाग. तीन आठवड्यांच्या सायकल प्रवासाला एकटाच निघालेला. ओश नावाच्या शहराच्या अलीकडे काल दुपारी पडला. डाव्या पायाची नडगी दोन ठिकाणी मोडली. ओशला डॉक्टरकी शिकणारी श्रीरामपूरची फरहीन नावाची एक मुलगी आज सकाळपासून दुभाषी म्हणून त्याच्या उशाशी बसली होती. पायात सळई घालावी लागणार होती, आणि विमा कंपनीचं हमीपत्र आल्याशिवाय हॉस्पिटल ऑपरेशनला हात लावणार नव्हतं.

रोजचंच काम होतं. दुपारपर्यंत पत्र जाईल, असं सत्यशीलाला वाटलं. ती फॉर्ममधले प्रश्न भराभर विचारत सुटली.

"पडलात कसे?"

"उतार होता. बेचाळीसचा स्पीड होता. घसरलो."

"हेल्मेट घातलं होतं?"

पलीकडे एक खोल श्वास.

"नव्हतं."

"का नव्हतं?"

"त्यात जर्दाळू होते."

सत्यशीलाने डोळे मिटले. "सदाफळ, हा कॉल रेकॉर्ड होतोय."

"होऊ द्या. जर्दाळू खरंच होते. किलोभर तरी असतील."

संगणकावर फाइल चढायला वेळ लागत होता. तेवढ्यात खालून हातगाडीवाल्याचा भोंगा वाजला : राहात्याचे पेरू, गोड पेरू, राहात्याचे… सत्यशीलाने घाईघाईने खिडकी ओढली.

"तुम्ही नगरच्या," तो हलकेच म्हणाला.

"मला ते सांगता येत नाही."

"नका सांगू. पण त्याच्याकडनं घेऊ नका. आमचा पेरू निघायला अजून तीन आठवडे हायेत. तो खोटं बोलतोय."

स्वयंपाकघरात आईने नुकताच किलोभर पेरू धुऊन ठेवला होता. सत्यशीलाला हसू आलं, आणि हसू आल्याचाच राग आला. "अजून काही मदत हवी आहे का?" असं ठरलेलं वाक्य बोलून तिने फोन ठेवला.

दुपारी मुंबईहून साहेबांचा निरोप आला : हमीपत्र देता येणार नाही. सायकल चालवताना हेल्मेट असणं ही पॉलिसीची अट आहे.

"सर, पण मोडलाय पाय," ती म्हणाली. "हेल्मेट काय नडगीला बांधतात का?"

"नियम डोकं बघून लिहिलाय की पाय बघून, हा प्रश्न आपला नाही, सत्यशीला."

संध्याकाळी घरातल्या घरात येरझाऱ्या घालत ती आईला म्हणाली, "किलोभर जर्दाळू न्यायला माणसाला एक पिशवी मिळू नये? आणि मिळाली नाही तर नाही, फोनवर इतकं खरं बोलायची काय गरज आहे?"

आई, लंकाबाई, भाकरी थापत होती. "कोन मानूस?"

"पेरूवाला."

"खालचा?"

"नाही गं. दुसरा."

मंगळवारी सकाळी फोन आला तो फरहीनचा. तिचा आवाज कालच्यासारखा नव्हता. "ताई, सूज फार वाढलीये. डॉक्टर म्हणतात आजच ऑपरेशन करायला हवं. उद्यावर गेलं तर पाय नीट जुळेल की नाही, सांगता येत नाही. आणि हे म्हणतात, गर्जे मॅडमना त्रास देऊ नका, त्यांचं जेवण झाल्यावर फोन करा."

फरहीनने पाठवलेले फोटो सत्यशीलाने पुन्हा उघडले. पायाचा फोटो तिला नीट बघवेना. मग सायकलचा. भिंतीला टेकवलेली सायकल… घंटी चकचकीत, हँडलला ओरखडा नाही. आणि गादीवर उताणे ठेवलेले त्याचे दोन्ही तळहात, एकदम स्वच्छ. चार वर्षांत तिने पडलेल्या माणसांचे शेकडो हात पाहिले होते. रस्त्यावर घसरलेल्या माणसाचे तळहात असे नसतात.

"त्यांना द्या फोन," ती म्हणाली.

"नमस्कार मॅडम. झालं का—"

"जेवणाचं विचारू नका. बेचाळीसच्या स्पीडने पडलात आणि हाताला साधं खरचटलं नाही?"

"नशीब म्हणायचं."

"सायकलला ओरखडा नाही."

"चांगल्या कंपनीची हाय."

"सदाफळ," ती म्हणाली, आणि आवाज चढू नये म्हणून तिने टेबलाची कड घट्ट धरली, "मी कालपासून तुमच्यासाठी भांडतेय. नको तिथे तुम्ही खरं बोलता, आणि कामाचं विचारलं की खोटं बोलता. हे पत्र आज नाही आलं तर तुम्ही जन्मभर लंगडाल. मग राहात्याच्या बागेत कुणाला सांगत बसाल स्पीड किती होता ते? पडलात कसे?"

पलीकडे खाट करकरली.

"नाव सत्यशीला ना तुमचं," तो शेवटी म्हणाला. "आईबापांनी बघून ठेवलंय."

"पडलात कसे?"

"गाढवामुळं."

"काय?"

"मी सायकलवर नव्हतोच. बागवाल्या म्हाताऱ्यानं जर्दाळू दिले. पिशवी नव्हती म्हणून हेल्मेटात घेतले आणि सायकल हातात धरून पायी निघालो. मागनं त्याचं गाढव आलं. त्यानं हेल्मेटात तोंड घातलं. मी ओढलं, त्यानं ओढलं… शेजारी पाण्याचा पाट होता. मी पाटात, आणि सामानासकट सायकल माझ्या पायावर."

फरहीन खुदखुदत असल्याचं स्पष्ट ऐकू येत होतं.

"मग हे काल का नाही सांगितलंत?"

"आमच्या राहात्याच्या सायकल ग्रुपवर टाकून बसलो हुतो ना… उतारावर बेचाळीस म्हणून. दीडशे माणसं हायेत त्यात. गाढव कसं सांगू?"

सत्यशीलाने कपाळाला हात लावला. दीडशे माणसांपुढची लाज राखायला हा इसम पाय घालवायला निघाला होता. पायी चालणाऱ्या माणसाने हेल्मेट घालावं, अशी अट कुठल्याही पॉलिसीत नव्हती.

"फरहीन, हसणं पुरे. त्या बागवाल्याला शोध आणि जे घडलं ते त्याच्याकडून लिहून घे. सही, तारीख, सगळं."

"ताई, ते इथेच बाहेर बसलेत. कालपासून. त्यांनाच वाईट वाटतंय गाढवाचं."

एक वाजता म्हाताऱ्याची सही असलेला कागद आला. दोन वाजेपर्यंत सत्यशीला साहेबांशी भांडली, पाऊण तास तेच तेच बोलली, शेवटी म्हणाली, "सर, नाही म्हणायचं असेल तर कारण लिहून द्या, माझ्या नावावर तो नकार मी नाही लिहिणार." तीन वाजता हमीपत्र गेलं. शिफ्ट संपली तरी ती हेडफोन काढून तिथेच बसून राहिली. सहाच्या सुमाराला फरहीनचा मेसेज आला : झालं. नीट जुळलंय. तेव्हा तिच्या लक्षात आलं, आपण सकाळपासून जेवलोच नाही. आणि त्याला तर तिने जेवणाचं विचारूच दिलं नव्हतं.

बारा दिवसांनी तो दिल्लीमार्गे शिर्डीच्या विमानतळावर उतरला आणि घरी पोचला. आता फाइल बंद करायला एकच कागद राहिला होता, हॉस्पिटलच्या अहवालाचं शेवटचं पान. ते पान काही केल्या येईना.

दर दोन दिवसांनी सत्यशीला फोन करायची. कधी पान भिजलेलं असायचं, कधी भावाच्या मोबाईलमध्ये अडकलेलं, कधी राहात्यातली सगळी झेरॉक्सची दुकानं एकदम बंद.

"आज तरी पाठवताय का?"

"पाठवतो. आमच्याकडं भुरभुर पाऊस हाय. तुमच्याकडं?"

"मला ते सांगता येत नाही."

"खिडकीवर वाजतोय की… मला ऐकू येतोय."

"सदाफळ, पान."

"व्हय व्हय, पान. पहिला पेरू काढला आज. खाटेवर बसूनच. तुम्हाला कच्चट आवडतो की पिकलेला?"

"…कच्चट. मीठ लावून. पान पाठवा."

एकदा फोन ठेवून मागे वळली, तर दारात आई उभी. "आगं, त्या पेरूवाल्याचा पाय रोजच मोडतो का?"

असे पाच आठवडे गेले. साहेबांनी दोनदा विचारलं. शेवटी वैतागून सत्यशीलाने थेट फरहीनला लिहिलं, तूच हॉस्पिटलमधून ते पान मिळवून दे. उत्तर लगेच आलं : ताई, ते मी त्यांना ऑपरेशनच्या आठवड्यातच दिलंय. खिशात घालून नेलंय त्यांनी.

तिने फोन लावला तेव्हा तिचे कान तापले होते.

"पान तुमच्याकडे आहे."

या वेळी तो भिजल्याचं, अडकल्याचं काही बोलला नाही. "हाय," तो म्हणाला.

"पाच आठवडे? मी वर काय काय उत्तरं दिली, तुम्हाला कल्पना आहे? काय चाललंय हे?"

"पान पाठवलं की फाइल बंद होणार," तो हळू म्हणाला. "फाइल बंद झाली की तुमचा फोन येणार नाही. म्हणून… ठेवलं."

सत्यशीलाच्या तोंडून ते निघून गेलं. ठरवून नाही, वैतागाच्या भरात. "अहो, तुम्हाला एवढंही कळत नाही? फाइल उघडी आहे तोवर मला तुम्हाला भेटता येत नाही. आमचा नियम आहे तो."

आपण काय बोललो हे तिला हळूहळू कळत गेलं, आणि ते सगळं रेकॉर्ड होतंय हेही. तिने 'धन्यवाद' म्हणून फोन कापला.

चार मिनिटांत पान आलं. घडीच्या खुणा सोडल्या तर कोरं करकरीत.

तिने फाइल बंद केली. आणि मग नवाच वैताग सुरू झाला. फाइलमधला नंबर तिला स्वतःसाठी वापरता येत नव्हता, आणि तिचा नंबर त्याच्याकडे नव्हता. दोन दिवस ती आईवर, मिक्सरवर, लिफ्टवाल्यावर चिडत राहिली. तिसऱ्या दिवशी फरहीनचा मेसेज आला : ते विचारतायत, ताईंचा नंबर द्यायला ताईंची हरकत आहे का. सत्यशीलाने घाई दिसू नये म्हणून घड्याळ लावून दहा मिनिटं काढली. मग लिहिलं : दे.

रविवारी सकाळी तो चुलतभावाच्या टेम्पोने यायचा होता. लिफ्ट बंद होती, म्हणून तिने बजावून सांगितलं होतं की खाली थांबा, मी येते. दोनदा केस विंचरून ती खाली निघाली, तर पहिल्या मजल्याच्या वळणावर तो पायरीवर बसलेला. शेजारी कुबड्या, चुलतभावाने आणून ठेवलेली पेरूची पाटी, आणि घामाने चिंब शर्ट. आवाजावरून तिने धिप्पाड माणूस धरला होता. हा सडपातळ होता, सावळा, आणि तिला पाहून पार गोंधळलेला.

"खाली थांबा म्हटलं होतं ना?"

"थांबलो हुतो. पाच मिनिटं."

"डॉक्टरांनी जिने चढायला सांगितलंय?"

"डॉक्टरांना विचारलं नाही. ते नाही म्हणाले असते."

ती त्याच्या दोन पायऱ्या वर बसली. भांडायचे बरेच मुद्दे होते, एकही आठवेना. मग जे आठवडाभर आत सलत होतं तेच तिने विचारलं.

"परत जाणार तुम्ही? तिकडे?"

त्याने पायाकडे पाहिलं. "जाणार. पुढच्या वर्षी. निम्मा रस्ता राहिलाय. तुम्हाला आवडणार नाही, पण तुम्ही विचारल्यावर खोटं बोलायचं नाही असं ठरवलंय."

"जाऊ नका असं नाही म्हणत मी." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "पण चार वर्षं या कानांनी नुसते अपघात ऐकलेत. परदेशातनं फोन येतो तो काहीतरी मोडल्याचाच. डोंगर कसा होता, पाणी कसं होतं, हे मला कुणी कधी सांगितलेलं नाही. तुम्ही गेलात की इथे प्रत्येक रिंगला मला वाटेल, पुन्हा काहीतरी मोडलं. ते मला जमेल की नाही, माहीत नाही."

खालच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडून पुन्हा लावलं.

"मग मी रोज फोन करीन," तो म्हणाला. "काही मोडलेलं नसताना. डोंगराचं सांगीन, पाण्याचं सांगीन, काय खाल्लं ते सांगीन. आणि ज्या दिवशी तुम्ही म्हणाल की आता ऐकवत नाही, त्या दिवशी सायकल वळवीन." मग मान खाली घालून, "मला तुम्ही आवडता. खाटेवर पडून दुसरं काही केलंच नाही मी पाच आठवडे… फोनची वाट बघितली फक्त."

सत्यशीला दोन पायऱ्या उतरली, कुबड्या काखोटीला मारल्या, पेरूची पाटी कडेला घेतली.

"ऊठ आता. आई वर थांबलीये."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "'ऊठ' म्हणालात."

"म्हणाले."

"म्हणजे…"

"म्हणजे ऊठ, कानिफ. आणि हात दे इकडे, त्या कठड्याला काय धरतोस?"