जिन्यातली रडणारी बाई

नाटकवाली हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडत होती, आणि आज रडणं अगदी छान जमून आलं होतं. इतक्यात कुणीतरी पाण्याचा पेला पुढे केला. वर बघते तो काय, एक तरुण डॉक्टर! तो शेजारच्याच पायरीवर टेकला.

"कोण आहे आत?" त्याने हळूच विचारलं.

"नवरा..." ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली. आता खरं कसं सांगायचं? वाईट बातमी नातेवाइकांना कशी सांगावी, हे नव्या डॉक्टरांना शिकवायला आणि त्यांची परीक्षा घ्यायला हॉस्पिटलने तिच्या नाटकमंडळीला बोलावलं होतं. ती रडणाऱ्या बायकोच्या भूमिकेचा सराव करत होती. पण याच्या डोळ्यांतली काळजी खरी होती, आणि ती तिला फार आवडली होती.

"माझी परीक्षा आहे," तो नाइलाजाने उठला. "वाईट बातमी सांगायची वेळ आली की मी पळ काढतो. आज जमलं नाही, तर वॉर्डातलं माझं काम सुटलं."

परीक्षेच्या खोलीचं दार उघडून तो आत आला आणि जागीच थिजला. समोर तीच!

"तुम्ही?"

घंटा होईपर्यंत भूमिका सोडायची नाही, असा नियम होता. कोपऱ्यात मोठ्या डॉक्टरीणबाई वही घेऊन बसल्या होत्या.

"माझा नवरा कसा आहे?" तिने चाचरत विचारलं.

त्याचा चेहरा रागाने लाल झाला. गेला आता हा तडक निघून, तिला वाटलं. पण त्याने खुर्ची जवळ ओढली.

"ते गेले," तो म्हणाला. "आम्ही त्यांना वाचवू शकलो नाही."

आता हंबरडा फोडायचा! पण रडू कुठे दडी मारून बसलं कोण जाणे. ती चक्क हसली. नवरा गेल्याचं ऐकून! डॉक्टरीणबाईंचं पेन थबकलं.

"येऊ दे हसू. धक्क्याने असं होतं," तो शांतपणे म्हणाला. "मी इथेच आहे."

घंटा होईपर्यंत तो हलला नाही.

"तुम्ही पास," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि बाई, तुम्ही साफ नापास!"

बाहेर त्याने तिला गाठलं.

"फसवलंत मला."

"चुकलंच माझं. पण—"

"ऐका आधी. तो माणूस गेला हे सांगताना... मला आनंद झाला हो! डॉक्टरला शोभतं का हे?"

ती एक पाऊल जवळ आली.

"आणि त्याची बायको हसली," ती म्हणाली, "ते शोभलं?"