परत आणलेलं पितळ

ऐलीचा काडतुसं भरायचा सगळा संसार बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात मावायचा. एक पोलादी साचा, तारेचा दांडा लावलेला दारू मोजायचा चमचा, दोन सळया आणि एक लाकडी मोगरी. अमेरिकेतल्या मिशिगनच्या उत्तर टोकाला तांब्याच्या खाणी बंद पडल्या, तरी फिनलंडहून आलेल्या खाणकामगारांची मुलं-नातवंडं तिथेच राहिली होती. हरणांच्या शिकारीचा मोसम जवळ आला की घरोघरी कोणी ना कोणी काडतुसं भरत बसायचं. पण ऐलीइतकं स्वस्त सामान कोणाकडेच नव्हतं, आणि तिच्यासारखी काडतुसंही कोणाची नव्हती.

तिचा दीर ओन्नी याच्याकडे टेबलाला जखडलेलं मोठं दाबयंत्र होतं. ऐलीची मोगरी दिसली की त्याला हसू आवरायचं नाही.

"वहिनी, काडतूस भरतेस की मांस ठेचतेस?"

"तुझ्या यंत्रातली गोळी कधी हरणाला लागते का रे? की नुसता आवाजच होतो?"

ऐलीचा नवरा अर्वो मुलखाचा अबोल. तो कॉफीच्या कपाआड हसायचा, एवढंच.

युक्ती तशी काहीच नव्हती. ओन्नीचं यंत्र उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी सगळीच्या सगळी दाबून कारखान्यातून आल्यासारखी करायचं. ऐलीचा साचा फक्त पुंगळीची मान आवळायचा, गोळी धरून राहील इतपत. बाकीचं अंग बार उडताना बंदुकीच्या पोटात जसं फुगलं असेल तसंच राहायचं. वहाण वापरून वापरून एकाच पायाची होते ना, तशी ती पुंगळी त्या एकाच बंदुकीची होऊन जायची. आत गेली की हलत नाही, डुलत नाही, आणि गोळी सरळ जाते. दुसऱ्या बंदुकीत मात्र ती शिरत नाही. म्हणून अर्वोच्या पुंगळ्या कॉफीच्या लाल डब्यात आणि ऐलीच्या निळ्या. अर्वोची बंदूक त्याच्या बापाची, जरा सैल पोटाची. पुंगळीच्या बुडावर आपटून बार उडवणारी तिची टोचणीही मधोमध न बसता कडेला बसायची, आणि खळगा तिथेच पडायचा. पुंगळीच्या बुडावर बोट फिरवून ऐली डोळे मिटून सांगायची, ही त्याची, ही माझी.

"पितळ काय झाडाला लागतं?" हे तिचं ठरलेलं वाक्य. त्यामुळे अर्वो रानात एकही पुंगळी टाकून येत नसे. घरी आला की खिशातून काढून टेबलावर एकेक उभी करायचा, तोंड वर करून. "घे बाई, आणल्या तुझ्या," म्हणायचा. त्याचा अर्थ, भरून दे.

आणि त्या घरात मुस्ती होती, म्हातारी काळी कुत्री. ती दारालाच अंग लावून झोपायची. दार आत उघडायचं, त्यामुळे येणाऱ्याला दाराबरोबर मुस्तीलाही ढकलावं लागायचं. ओन्नी तिला शिव्या घालत ढकलायचा, पाद्रीबुवा माफी मागत ढकलायचे. अर्वो अंगणात आला की मात्र ती आपली आपण उठायची आणि दार उघडेल एवढी जागा करून मागे सरकायची.

मागच्या नोव्हेंबरात अर्वोने लाल डबा कोटाच्या खिशांत रिकामा केला आणि देवदारांच्या दलदलीकडे गेला. दुपारनंतर बर्फ सुरू झालं. तो आला नाही.

त्या रानात चुकलेल्या माणसासाठी एकच नियम आहे. तीन बार, मध्ये सारखं अंतर ठेवून. ज्याला ऐकू येतील त्याने एक बार काढून उत्तर द्यायचं आणि जागचं हलायचं नाही. चुकलेला त्या आवाजाच्या रोखाने चालत येतो. सगळं गाव शोधायला गेलं. बर्फ गुडघ्यावर आलं तरी शोधत राहिलं. माणूस नाही, बंदूक नाही, टोपीसुद्धा नाही. आणि तीन बार कोणीच ऐकले नव्हते.

मग एका रविवारी चर्चच्या तळघरात, कॉफीच्या टेबलाशी ओन्नी बोलून गेला, "मोगरीने ठोकलेली काडतुसं ती. दमट हवेत उडालीच नसतील."

तो ऐलीला ऐकवत नव्हता. ती त्याच्या पाठीमागे वेलदोड्याचा पाव कापत उभी होती, हे त्याला माहीतच नव्हतं.

उडालीच नसतील. ते दोन शब्द ऐलीने वर्षभर उराशी धरले. तीच दारू, बुडात बसून ठिणगी देणाऱ्या त्याच टोप्या वापरून तिने आपल्या बंदुकीची काडतुसं भरली, बादलीत बुडवून ठेवली, बर्फात पुरून ठेवली, आणि मग उडवली. सगळी उडाली. पण ती तिची होती. अर्वोची सगळी त्याच्याबरोबर गेली होती. दलदलीत गुडघाभर पाण्यात उभा राहून तो घोडा ओढतोय आणि नुसतं खट् होतंय, हे चित्र तिच्यासमोर चुलीपाशी यायचं, कपडे वाळत घालताना यायचं. त्यानंतर तिने बिस्किटांचा डबा माळ्यावर टाकला.

शरद संपत आला तसा ओन्नी येऊ लागला.

"जमीन गोठायच्या आत थडग्याचा दगड बसवू या, वहिनी. पाद्रीबुवाही म्हणतायत."

"आणि दगडाखाली काय ठेवणार?"

"नाव तर राहील."

"तो कसा गेला ते कळू दे आधी."

"आता कसं कळणार ते?"

"मग राहू दे दगड."

त्यानंतर काही दिवसांनी ऐली कुंपणाच्या तारा आवळायला गेली, तेव्हा दलदलीकडच्या शेवटच्या खांबावर तिला एक पुंगळी दिसली. तोंड वर करून उभी. मागच्या कुठल्या तरी मोसमातली असेल म्हणून तिने उचलली आणि सवयीने बुडावरून बोट फिरवलं. खळगा कडेला होता.

वर्षभर उघड्यावर पडलेलं पितळ काळवंडतं, हिरवं पडतं. हे पिवळंधमक होतं. आदल्या रात्री पाऊस झाला होता, पण पुंगळी आतून कोरडी होती. तिने तोंडाशी बोट घातलं, तर बोटाला काजळी आली. नाकाशी धरली, तर जळक्या दारूचा तो ओळखीचा आंबट वास आला.

घरी येऊन तिने ती आपल्या बंदुकीत घालून पाहिली. बंदुकीचा बोल्ट बंद झाला नाही. पुंगळी अर्वोचीच होती.

दुसरी पुंगळी सौनाच्या, वाफेच्या न्हाणीघराच्या, पायरीवर सापडली, अंगणाच्या टोकाला. तीही तशीच उभी. तिथून घर हाकेच्या अंतरावर.

ओन्नी आला तेव्हा तिने दोन्ही त्याच्यापुढे ठेवल्या. त्याने उलटसुलट करून पाहिल्या, वास घेतला.

"डोमकावळा," शेवटी तो म्हणाला. "चकचकीत दिसलं की उचलतो. कुठल्या तरी ढोलीत वर्षभर कोरड्या राहिल्या असतील."

"कावळा उचलतो खरा. पण उभी करून ठेवतो का?"

ओन्नीने पुंगळ्या टेबलावर ठेवल्या. ठेवताना एक आडवी पडली, ती त्याने घाईने सरळ केली.

"माझ्याकडे दे. यंत्रात दाबून देतो. मग तुझ्या बंदुकीत जाईल, उडवून बघता येईल."

"आणि त्याच्या बंदुकीचा आकार?"

"तो जाणारच ना मग."

"म्हणजे तेवढंही दाबून टाकायचं," ऐली म्हणाली. ओन्नीने मान खाली घातली.

"त्या दिवशी मी चर्चमध्ये जे बोललो..."

"कॉफी घे. निवतेय."

तिसरी पुंगळी स्वयंपाकघराच्या खिडकीत, बाहेरच्या फळीवर सापडली. सकाळी पडदा सारला तेव्हा काचेपलीकडे ती उभी होती. फळीवर रात्रीचं दव गोठलं होतं आणि त्यावर कसलाच माग नव्हता. पाखराचाही नाही.

तीन. ऐली मटकन खुर्चीवर बसली आणि वर्षात पहिल्यांदा मोठ्याने रडली. उडाली होती. तिन्ही उडाली होती. तिच्या मोगरीने त्याला दगा दिला नव्हता.

ते समाधान फार तर कॉफी उकळेपर्यंत टिकलं. उडाली होती, तर ऐकली कोणी नाही?

दलदलीपासून सगळ्यात जवळचं घर हेच. त्या दुपारी ती घरीच होती. या टेबलाशी बसून निळ्या डब्यातल्या पुंगळ्या भरत होती. टोपी ठोकून बसवताना एखादी हातात फुटते, कानठळ्या बसतात, म्हणून तिने नेहमीसारखे कानांत कापसाचे बोळे घातले होते. मोगरी आपटत होती, ताटल्या थरथरत होत्या. मध्येच मुस्ती उठून दाराशी उभी राहिली होती, तोंड वर करून काही तरी करत होती, बहुधा केकाटत होती. ऐली तिच्यावर ओरडली होती. "बस खाली! बर्फ पडतंय बाहेर."

कुत्री बसली होती. मग थोड्या वेळाने पुन्हा उठली होती.

मोसम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी दुपारी ओन्नी आला. दार ढकललं, मुस्तीला ढकललं, आत आला आणि थबकला. टेबलावर बिस्किटांचा डबा उघडा होता आणि ऐली मोगरी घेऊन बसली होती.

"हे काय?"

"दगड बसव," ऐली म्हणाली. "तारीख त्याच दिवसाची घाल. काडतुसं उडाली होती, ओन्नी. त्याने हाक मारली होती. मीच कानांत बोळे घालून बसले होते."

ओन्नी बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मग आता या कशाला भरतेस?" त्याने हळूच विचारलं.

"त्याने आणून ठेवल्यात. आणून ठेवल्या की भरून द्यायच्या असतात."

ती कामाला लागली. साच्यात पुंगळी, वर मोगरी. मान आवळली, टोपी बसली, चमचाभर दारू पत्त्याच्या कडेने सपाट करून ओतली, वर गोळी. हात विसरला नव्हता. या वेळी कानांत काही नव्हतं. प्रत्येक ठोक्याला ताटल्या वाजत होत्या आणि ओन्नीच्या पापण्या लवत होत्या. दोन काडतुसं टेबलावर उभी राहिली. तिसऱ्याची गोळी बसली. तिने तेही उभं केलं, आणि साचा रिकामा ठोकून साफ करायला मोगरी उचलली.

मुस्तीने डोकं वर केलं.

ऐलीचा हात हवेतच राहिला.

दलदलीकडून, खूप लांबून, एक बार.

ओन्नीने खिडकीकडे पाहिलं. "उद्यापासून मोसम. कोणी तरी बंदूक जमवून बघत असेल."

दुसरा.

ऐली मनात आकडे मोजत होती.

तिसरा.

"तीन, ओन्नी. सारख्या अंतराने."

ओन्नीचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता.

ऐलीने खुंटीवरची बंदूक काढली, निळ्या डब्यातलं एक काडतूस घातलं, मुस्तीला पायाने बाजूला सारलं आणि ओसरीवर गेली. ओन्नी मागोमाग गेला. बर्फाचे पहिले कण तिरपे उतरत होते. देवदारांची काळी रेघ पुसट होत चालली होती. तिने नळी आभाळाकडे केली आणि एक बार काढला.

आवाज झाडांवरून गेला, लांब कुठे तरी आपटून परत आला, आणि विरला.

दोघं उभी राहिली. पुढे काहीच ऐकू आलं नाही.

थंडी सोसवेना तेव्हा आत आली. दार लावलं.

टेबलावर तिन्ही काडतुसं तिने ठेवली होती तिथेच उभी होती. फक्त गोळ्या नव्हत्या. पितळेची तोंडं उघडी होती, काळी.

ओन्नीने एकीला हात लावला आणि चटकन मागे घेतला. बोट तोंडात घातलं.

ऐलीने एप्रनच्या टोकाने ती उचलली. खळगा कडेला. मग दुसरी. मग तिसरी. तिसरीच्या मानेपाशी तिचं बोट अडखळलं. केसाएवढी चीर उभी खाली गेली होती. पितळ थकलं की असंच होतं, ते मग गोळी धरत नाही.

"त्याची आणखी एखादी पुंगळी आहे का?" ओन्नीचा आवाज त्यालाच नीट ऐकू आला नसावा.

"नाही."

उरल्या दोन, आणि दोन बारांना त्या रानात हाकेचा अर्थ नसतो. दोन बार म्हणजे कोणाला तरी हरीण मिळालं.

"आता त्याला पुन्हा हाक मारता यायची नाही," ऐली म्हणाली. चिरलेली पुंगळी तिने टाकली नाही, एप्रनच्या खिशात ठेवली. "पण मी उत्तर दिलंय. नियम त्याला ठाऊक आहे."

तिने चुलीवर कॉफी चढवली. फळीवरून कप काढले, तीन. ओन्नी टोपी घेऊन उठला होता.

"बस," ती म्हणाली. "जागचं हलायचं नसतं."

तो बसला. मुस्ती पुन्हा दाराला अंग लावून पडली होती. बाहेर बर्फ दाट झालं, खिडकी पांढरी झाली. कॉफी उकळू लागली. दोघांपैकी कोणीच तिकडे पाहत नव्हतं.

मग मुस्ती उठली. भुंकली नाही, केकाटलीही नाही. दार उघडेल एवढी जागा करून ती मागे सरकली.