माईंनी घातलेली वेणी

तंबूची उसवलेली शिवण पक्की करून, तो पिशवीत भरून थोरली भर दुपारी धाकटीच्या खोलीवर निघाली. ताडपत्र्या आणि तंबू शिवण्यातच तिची उमर गेली होती. आई गेली तेव्हा धाकटी पाळण्यात होती. तिला वाढवता वाढवता थोरलीचं लग्न राहिलं ते राहूनच गेलं. वर्षातून एकदा दोघी बहिणी तंबू घेऊन कुठंतरी मुक्कामाला जायच्या, तेवढीच तिची चैन. यंदा धाकटीनं समुद्रातलं एक ओसाड बेट ठरवलं होतं.

धाकटी जमिनीवर नकाशा पसरून बसली होती. खोलीत खारट, कुजल्या शेवाळाचा वास भरला होता.

"तंबू वाळूवर नको हं, ताई. माई म्हणाल्या, खडकाच्या आडोशाला लावा. गोडं पाणीही तिकडंच आहे."

"कोण माई?"

"होडीची चौकशी करायला गेले होते ना, तिथं धक्क्यावर भेटल्या. पूर्वी बेटावरच राहायच्या. आता रोज दुपारी येतात. फार जीव लावतात गं."

थोरलीच्या पोटात दुखलं. जिनं तळहातावरच्या फोडासारखं जपलं तिला विचारायचंही नाही, आणि कालपरवा भेटलेली बाई लगेच माई.

"बेत मी आखला असता की."

"तुझा बेत म्हणजे इथं पडशील, तिथं बुडशील." धाकटी हसली. "माई तशा नाहीत."

हे वर्मी लागलं. त्यात तिची नजर धाकटीच्या पाठीवर गेली. घट्ट, रेखीव वेणी. इतकी सुबक वेणी थोरलीला कधी जमली नव्हती.

"ही कुणी घातली?"

"माईंनी. आत्ताच गेल्या."

थोरलीनं वेणी हातात घेतली. गार होती, ओली होती, वाळूनं खरखरत होती.

"सोड ती. मी घालते."

"नको, ताई... सोडू नको म्हणाल्यात त्या..."

थोरली ऐकायच्या पलीकडे गेली होती. तिनं भराभरा पेड उकलले. दोन काळे. तिसरा पांढराशुभ्र.

तो धाकटीच्या डोक्यातून आलाच नव्हता. तिच्या खांद्यावरून उतरून, जमिनीवरून, तो न्हाणीघराच्या बंद दाराखाली गेला होता. आत्तापर्यंत दिसला कसा नाही कोण जाणे. थोरलीनं त्याला हिसका दिला. पलीकडून कुणीतरी... हलक्या हातानं, लाडानं... ओढलं.

तंबूच्या पिशवीत कात्री होती. थोरलीनं पेड कापला. तुटलेलं टोक सळसळत दाराखाली गेलं. धीर करून तिनं दार उघडलं. न्हाणीघर कोरडं ठणठणीत होतं.

तिनं धाकटीला आपल्या घरी आणलं. बेटाचा बेत मोडला. धाकटीला थोडा ताप आला, मग ती चष्म्याच्या दुकानातल्या कामावर परत जाऊ लागली. रोज सकाळी थोरली तिची वेणी घालायची. जिंकल्यासारखं वाटायचं तिला.

एकदा केस विंचरून घेताना धाकटी म्हणाली, "तू उगाच जळलीस, ताई."

"मी कशाला जळू?"

"माई माझ्यासाठी येतच नव्हत्या. सारखं तुझंच विचारायच्या. थोरली दमत असेल... तिचे केस कोण विंचरतं... तिला कधी आणतेस. तू नव्हतीस म्हणून माझे केस घेऊन बसायच्या. खरं सांगू? मलाच तुझा हेवा वाटायचा."

थोरलीचा हात थांबला. भीती वाटली, नाही असं नाही. पण तिच्या केसांना कुणाचा हात लागून किती वर्षं झाली होती, हेही त्याच क्षणी आठवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आपल्या शिवणकामाच्या दुकानाचं दार ओढून घेऊन ती धक्क्यावर गेली. नुसती चौकशी करून यायचं, असं वाटभर स्वतःला बजावत होती.

"बेटावर?" होडीवाल्यानं विचारलं.

"लांबूनच बघून येईन."

त्यानं हात देऊन तिला होडीत घेतलं. ती फळीवर टेकली. मग त्यानं धक्क्याच्या रिकाम्या पायरीकडे पुन्हा हात पुढे केला.

"सावकाश, माई," तो म्हणाला.

होडी थोरलीच्या बाजूला किंचित कलली.