घोटभरच

दोनशे अकराव्या पायरीवर गुडघे म्हणाले, बाई, बास! मी मटकन खाली बसले.

“इथंच मुक्काम का?” वरून उतरणारा एक जण थांबला. खांद्याला थर्मास, गालावर खळी... आणि मी ही अशी घामाघूम!

“पाठ धरलीये. दिवसभर शिलाई मशीनवर असते ना... डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय.”

“म्हणून मेदेऊच्या धरणाच्या आठशे बेचाळीस पायऱ्या?”

“ते माझं मी ठरवलं. रोज सगळ्या!”

“किती दिवस झाले?”

“...दोन.”

तो खो खो हसला. नाव एर्नार, ट्रॉलीबस चालवायचा. “माझीही कंबर अशीच धरायची. आता घरी जाताना दोन स्टॉप आधी उतरून चालतो. रोज अर्धा तास, पुष्कळ झालं. पायऱ्या फक्त रविवारी. बोलता आलं पाहिजे, गाता येता कामा नये — एवढंच दमायचं.”

“मला एरवी तरी कुठे गाता येतं!”

दुसऱ्या दिवसापासून माझं शिलाईचं दुकान बंद करून मीही डोंगराच्या दिशेने वर दोन स्टॉप चालू लागले. योगायोगाने तोही त्याच रस्त्याने... योगायोग कसला, वाट बघत उभा असायचा लबाड! महिन्याभरात पाठ गप्प झाली. आता अर्धा तास फार लवकर संपतो, एवढीच तक्रार उरली.

मग आईनं त्याला चहाला बोलावलं. माझा हात चहाच्या समोवारच्या तोटीवर, नजर त्याच्या खळीवर. मी चहाची वाटी, पियाली, पुढे केली, तसा त्याचा चेहरा पडला. गुमान चहा संपवून तो उठला.

“कामशात!” दार लागताच आई माझ्या नावाने कडाडली. “काठोकाठ भरलीस? घोटघोट ओतायचा, म्हणजे पाहुणा पुन्हा पुन्हा मागतो, बसतो. भरली पियाली म्हणजे ‘प्या आणि निघा’! हाकलून दिलंस त्याला!”

मी कपाळावर हात मारला. पुढचे चार दिवस स्टॉपवर कोणीच नव्हतं. एवढंसं चालणंही मला जड झालं. त्याला कायमचं गमावलं की काय, या विचारात मी दोन बाह्या उलट्या शिवल्या.

रविवारी मी पायऱ्यांवर धावले. दोनशे अकरावी कधी गेली, कळलंही नाही. आठशे बेचाळिसावीवर तो पाठमोरा बसला होता, शेजारी थर्मास. मी तोंड उघडलं, पण नुसती धाप!

“बोलता येत नाही?” त्याने वळून पाहिलं. “मग जास्त झालं तुम्हाला.”

मी त्याचा थर्मास उघडला आणि झाकणात तळाला घोटभर चहा ओतून पुढे धरला.

त्याने झाकणात पाहिलं. मग माझ्याकडे. खळी परत आली.

“एवढाच?”

“एवढाच... पण रोज.”

“किती दिवस?”

“दोन नाही,” मी कसंबसं म्हणाले, “जन्मभर.”

त्याने तो घोट एका दमात संपवला आणि झाकण पुन्हा पुढे केलं.

“मग भर ना अजून,” तो म्हणाला.

भरा नाही — भर! हुश्श... माझ्या जिवात जीव आला.