दाराला लागलेला निळा मणी

निळा खडा

"हलू नकोस! पाय खाली टेकवलास तर बघ!"

ठिणगी एवढ्यानं ओरडली, की लंबू बगळ्यासारखा एका पायावर तसाच उभा राहिला.

"साप?" त्यानं बारीक आवाजात विचारलं.

"मणी!"

"मणी? मण्यासाठी माझा पुतळा केलास?"

पण तो साधा मणी नव्हता. कामासाठी दूर गेलेल्या आईनं निघण्याआधी स्वतः ओवून दिलेल्या माळेतला होता. सुट्टीत मावशीकडे आल्या आल्याच या खडकाळ उतारावर माळ तुटली आणि काचेचे मणी चहूकडे उधळले. तेव्हापासून ठिणगी दोघा भावांना घेऊन रोज इथे शोधाशोध करायची. लंबू म्हणजे मावशीचा मुलगा, तिच्याच वयाचा पण बांबूसारखा वाढलेला. शंकासुर म्हणजे तिचा धाकटा भाऊ. त्याच्या शंका कधी संपायच्या नाहीत.

"ताई, माळ तर तिकडे खाली तुटली, बाकाजवळ. मग मणी चढ चढून वर कसा आला?"

ठिणगी खाली वाकून बघू लागली. मणी खड्यांच्या एका छोट्या ढिगावर बसला होता. खडे हरभऱ्याएवढे, सगळे जवळपास एकाच मापाचे. मधोमध जेमतेम अंगठा जाईल एवढं बीळ.

मण्याकडे गेलेला हात तिनं मागे घेतला. बिळाच्या दाराला हात लावायचा नाही, हा मावशीचा पहिला नियम होता.

"कुणीतरी निवडून आणलाय हा," ती पुटपुटली. "कुणीतरी इथे राहतंय!"

प्लॅस्टरमधला खडा

उताराच्या पायथ्याशी दोन खोल्यांचं संशोधन केंद्र होतं. तिथे मावशी पाय खुर्चीवर ठेवून बसली होती. पायाला प्लॅस्टर, त्यामुळे सगळी चुळबुळ हातात उतरलेली.

ती खडेवाल्या उंदरांचा अभ्यास करायची. मुठीत मावेल एवढा रानउंदीर, पाठीवर राठ केस. तोंडात एकेक खडा धरून आणायचा आणि दाराशी रचायचा. सगळीकडून नाहीसा होत होत तो या एका उतारावर उरला होता. आणि या हंगामात इथेही एकसुद्धा सापडला नव्हता.

"उद्या केंद्राचे मोठे साहेब येतायत," मावशी म्हणाली. "उद्याचे पिंजरेही रिकामे निघाले, तर हा उतार सपाट करून गाड्या उभ्या करायला जागा करणार."

"पण मावशी, मणी!" ठिणगीनं धापा टाकत सगळं सांगितलं.

मावशीचे डोळे चमकले. "पावसानं मणी खाली वाहतो, वर नाही. पण साहेबांना मणी नको, उंदीर हवा. पिंजऱ्यात आलेला, डोळ्यांनी पाहिलेला."

"एवढ्याशा उंदरासाठी एवढं कशाला?" शंकासुर बोललाच.

"अरे, तो गवताचं बी ठिकठिकाणी पुरून ठेवतो आणि निम्मं विसरतो. ते उगवतं, म्हणून हा उतार पावसात धरून राहतो. नाहीतर सगळी माती या घरात आली असती. त्याच्या विसरभोळेपणावर आपण सुखानं झोपतोय, राजा!"

ठिणगीनं खिडकीतून वर पाहिलं. असं कुणी आपल्यासाठी राबतंय, हे तिला ठाऊकच नव्हतं.

वासाचा खडा

मावशीचा पाय मोडल्यापासून पिंजरे लावण्याचं काम टापटीपकाकांकडे होतं. काका केंद्रातले मदतनीस. त्यांच्या शर्टाला सुरकुती पडायची हिंमत नव्हती. अंगणात ओळीनं मांडलेले पत्र्याचे पिंजरे उन्हात चकाकत होते. उंदराला इजा न करता फक्त दार मिटणारे पिंजरे.

"या, या! बघा कसे आरशासारखे झालेत!" काका खूश होऊन म्हणाले. "पूर्वी काय तो अवतार असायचा! मातीनं बरबटलेले!"

शंकासुरनं एका पिंजऱ्याच्या दाराला नाक लावलं.

"आँऽऽछी!"

"अरे, लांब हो!"

"आँछी! काका, हा पिंजरा... आँछी! ...बाथरूमसारखा का येतोय वास?"

"लिंबाच्या वासाचं फिनेल! रोज धुतो मी. पाहुण्याला घाणेरडी खोली द्यायची का?"

ठिणगी आणि लंबूनं एकमेकांकडे पाहिलं. शंकासुर अजून शिंकतच होता.

"काका, उंदराचं नाक माझ्यापेक्षा तिखट असतं का हो?" त्यानं नाक पुसत विचारलं.

"असेल बुवा. पण स्वच्छता कुणाला आवडत नाही?"

कटाचा खडा

"त्यांना सांगून टाकूया," लंबू म्हणाला.

"सांगितलं तर रागावतील आणि पुन्हा धुतील!" ठिणगी म्हणाली. "तू त्यांना अडकवून ठेव. तुझं कपाट दाखव."

"माझं कपाट? ते उघडलं तर माणूस खाली गाडला जाईल!"

"म्हणूनच!"

ठिणगीनं मावशीला सहज विचारल्यासारखं विचारलं, "पिंजऱ्याला उताराचाच वास हवा असेल तर काय करावं गं?"

मावशीनं भाचीकडे रोखून पाहिलं. मग हसू दाबत म्हणाली, "साध्या पाण्यानं खळखळून धुवावा, तिथलीच माती चोळावी. आत सुकं गवत घालायला विसरू नये, पाहुण्याला थंडी वाजते. आणि उजाडताच बघायला जावं, त्याला ताटकळत ठेवू नये."

दुपारी लंबूनं कपाट उघडलं. काकांनी कपाळाला हात लावला.

"हे कपाट आहे की भूकंप?"

"काका, तुम्हीच वाचवा!"

काकांनी बाह्या सरसावल्या. इकडे अंगणात दोन जोड्या हात पिंजऱ्यांना माती फासत होते.

संध्याकाळी काका पिंजरे उचलायला आले आणि किंचाळले, "हे काय केलंत? माझे पिंजरे!"

"मी सांगितलंय तसं," आतून मावशीचा आवाज आला. "आज असेच लावा. माझ्यासाठी."

काका पुटपुटत, नाक मुरडत, पण एकेक पिंजरा नेहमीसारखा जपून धरत चढ चढू लागले.

हा खडा अगदी लहान आहे

त्या रात्री ठिणगीनं पहिल्यांदाच मण्याचा विचार केला नाही.

रिकामा, रिकामा, रिकामा

उजाडताच साहेब, काका आणि मुलं वर निघाली. खालून मावशी दुर्बिणीतून बघत होती.

पहिला पिंजरा रिकामा.

पुढचा रिकामा.

त्याच्या पुढचाही!

"मुलांनो, वाईट वाटून घेऊ नका," साहेब म्हणाले.

खड्यांच्या ढिगाजवळचा पिंजरा तेवढा राहिला होता. त्याचं दार मिटलेलं होतं.

आत काहीतरी खसखसलं.

काकांनी हळूच फट केली. गवतात दोन काळे मण्यांसारखे डोळे, थरथरत्या मिशा, राठ पाठ!

"खडेवाला!" लंबूचा आवाज चिरकला.

"वाली," काका वाकून म्हणाले. "पिल्लांची आई आहे. पोटावरून दिसतंय, दूध पाजतेय. लगेच सोडायला हवं हिला."

साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली. वाकून त्यांनी पुन्हा एकदा आत पाहिलं. मग म्हणाले, "गाड्या काय, दुसरीकडेही उभ्या राहतील. हिला दुसरी जागा नाही."

"हुर्रे!" शंकासुर ओरडणार होता, पण ठिणगीनं वेळेवर त्याचं तोंड दाबलं.

काका मात्र खाली मान घालून उभे होते. "म्हणजे माझ्या फिनेलमुळे... मीच पळवून लावत होतो त्यांना."

"काका," ठिणगी म्हणाली, "मावशीचा पाय मोडल्यापासून रोज पिंजरे घेऊन कोण चढलं? तुम्ही थांबला असतात, तर साहेबांनी केव्हाच उतार सपाट केला असता. थँक्यू!"

काकांनी इस्त्रीचा रुमाल काढला आणि त्यानंच नाक शिंकरलं. रुमालाला सुरकुती पडली. त्यांनी ती तशीच राहू दिली.

"आणि या नाकाचे आभार कोण मानणार?" शंकासुरनं विचारलं.

साहेबांनी हात पुढे करून त्याच्याशी चक्क शेकहँड केला.

दार

पिंजरा उघडताच ती सुर्रकन बिळात शिरली. मग एक चिमुकलं तोंड बाहेर आलं, त्यानं निळा मणी दातांत धरला आणि मागे मागे सरकत दाराशी ओढून घेतला. दार बंद!

दुपारी आईचा फोन आला. मावशीनं आधी स्वतःच तिन्ही मुलांचं एवढं कौतुक केलं, की लंबूचे कान लाल झाले. मग फोन ठिणगीकडे आला.

"माळ सापडली का गं?" आईनं विचारलं.

"एक मणी सापडला, आई. पण तो आणता येणार नाही."

"का गं?"

"तो एका आईच्या दाराला लागलाय."

पलीकडून आईचा हसरा आवाज आला. "मग अगदी बरोबर जागी पोचला की तो!"