जुन्या चॅनेलवरचा निरोप

भुताची गोष्ट म्हटली की लोक अमावस्या शोधतात. पडका बंगला शोधतात.

इथे तसलं काही नाही.

हे घडलं ते लख्ख दुपारी. एसी चालू असलेल्या खोलीत. आजूबाजूला सहा माणसं बसलेली असताना.

जिच्या बाबतीत घडलं, ती जागृती माझी सख्खी मावसबहीण. नावं बदलली आहेत, पण बाकी एक अक्षर वाढवलेलं नाही. तिनं जसं सांगितलं तसंच लिहितोय.

गेल्या वर्षीचा फेब्रुवारी. मंगळवार. नवी मुंबईतली एक पोलीस कंट्रोल रूम.

जागृती तळवलीची. वायरलेस ऑपरेटर. त्यांच्या घरातली पहिली सरकारी नोकरी तिची, त्यामुळे मावशी अख्ख्या गावात पोरीचं कौतुक सांगत फिरायची.

पूर्वी पोलीस, ट्रॅफिक आणि अग्निशमन दल, सगळे एकाच चॅनेलवर बोलायचे. बंबवाला म्हणाला, "पुलाखाली अडकलोय," की चौकातला हवालदार ते ऐकून आपणच रस्ता मोकळा करायचा. मग नवे डिजिटल सेट आले. पोलीस नव्या चॅनेलवर गेले. तिथलं बोलणं बाहेरच्या कुणाला ऐकू येत नाही.

अग्निशमनवाल्यांचे नवे सेट यायला अजून महिना होता. ते जुन्याच चॅनेलवर राहिले.

डोंगराच्या आडोशाला त्यांचे हातातले सेट त्यांच्याच केंद्रापर्यंत पोचत नसत. कंट्रोलपर्यंत मात्र पोचत. निरोप घ्यायचा आणि फोनवर पुढे कळवायचा, ही जुनी पद्धत. म्हणून एक जुना सेट कोपऱ्यात चालू ठेवला होता आणि एकानं त्याच्याकडे कान ठेवायचा असं ठरलं होतं.

त्या दुपारी तो कान जागृतीचा होता.

जुना सेट सारखा खरखरायचा. खर्र्र... खर्र्र... सकाळपासून तिचं डोकं ठणकत होतं. तीन वाजता तिनं आवाज कमी करायला बटण फिरवलं.

थोडंसं.

मग अजून थोडं.

मग पार शेवटपर्यंत.

"पाचच मिनिटं," ती स्वतःशी म्हणाली.

तीन वीसला फोन आला. दिघ्याच्या मागे एका केमिकलच्या गोदामाला आग. मग फोनवर फोन. ॲम्ब्युलन्स, ट्रॅफिक, साहेब. कोपऱ्यातला सेट तिच्या डोक्यातूनच गेला.

आठवला तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. तिनं आवाज परत वाढवला.

नुसती खरखर.

पाच वाजता बातमी आली. हिरामण गेला. शिरवण्याचा, अग्निशमन दलातला जुना माणूस. त्याच्यासोबतचा दिपेश भाजलेल्या अवस्थेत बाहेर निघाला होता, पण धुरानं त्याचा गळा बसला होता. बोलता येत नव्हतं.

संध्याकाळी जागृतीनं लॉगबुक भरलं. 'जुना चॅनेल' या रकान्यात काय लिहायचं?

पेन थांबलं.

मग तिनं लिहिलं... निरंक.

काहीही आलं नाही, असा त्याचा अर्थ.

चौकशी झाली. "हिरामणनं मदत मागायला हवी होती. मागितली नाही," असं त्यात निघालं. वायरलेसचे श्यामसुंदर सर तिला म्हणाले, "तुझं रेकॉर्ड क्लिअर आहे, जागृती. टेन्शन घेऊ नकोस."

तिनं मान हलवली.

महिन्यानं अग्निशमनवाल्यांनाही नवे सेट मिळाले. जुना सेट काढला, वायरी गुंडाळल्या आणि सगळं स्टोअरच्या कपाटात गेलं.

दुसऱ्याच दिवशी... दुपारी तीन चाळीसला... तिच्या हेडफोनमध्ये आवाज आला.

खर्र्र...

तिनं हेडफोन काढून बघितला. परत लावला.

खर्र्र...

वायरलेसवाल्याला विचारा. डिजिटल सेटला खरखर नसते. एक तर स्वच्छ आवाज, नाही तर शांतता. मधलं काही नसतंच.

"सुचिता, तुझ्या सेटला डिस्टर्बन्स आहे का गं?" तिनं शेजारच्या मैत्रिणीला विचारलं.

"नाय गं. एकदम क्लिअर."

तिसऱ्या दिवशी खरखरीच्या मागे श्वास ऐकू आला. तोंडावर मास्क लावल्यावर येतो तसा. जड... ओढलेला...

चौथ्या दिवशी आणखी वाईट झालं. तीन चाळीस झाले आणि तिच्यापुरते खोलीतले बाकी सगळे आवाज बंद पडले. फोन वाजताना दिसत होते, पण ऐकू येत नव्हते. सुचिता समोर बसून हसत होती.

तिचं हसणंही ऐकू येत नव्हतं.

आणि त्या शांततेत एक माणूस बोलला.

"कंट्रोल... माजा आवाज येतंय का?"

गावाकडची बोली, 'ड'चा 'र' करणारी. तिच्या वडिलांसारखी.

"कंट्रोल... मागचं शटर परलंय. आमी दोगं आत हाव. मागच्या गल्लीत गारी धारा... आवाज येतंय का?"

जागृती उठून बाथरूममध्ये गेली. नळ सोडला आणि रडली.

तिला तेव्हा कळलं. त्यानं निरोप दिला होता. न चुकता, पद्धतशीर, पुन्हा पुन्हा दिला होता. आणि तिनं निरंक लिहिलं होतं.

तिनं रजा टाकली. घरी तीन चाळीसला सोसायटीचा इंटरकॉम वाजला. उचलला...

"कंट्रोल... आवाज येतंय का?"

ती परत ड्युटीवर आली. कुठेही गेलं तरी तेच, मग घरी तरी कशाला बसायचं?

नवव्या दिवशी तिला राहवलं नाही. एवढंच तर विचारतोय माणूस. आवाज येतोय का. त्या दिवशी द्यायचं राहिलेलं उत्तर निदान आज द्यावं, म्हणजे त्याचा जीव सुटेल, असं तिला वाटलं.

तिनं बोलायचं बटण दाबलं.

"येतोय, दादा. आवाज येतोय. तिथेच थांबा. गाडी मागच्या बाजूनं पाठवते."

पलीकडे एक लांब श्वास सुटला.

"बरं झालं गं बाय..."

खरखर थांबली. फोनचे आवाज परत आले.

त्या रात्री जागृती महिन्याभरात पहिल्यांदा गाढ झोपली. दुसऱ्या दिवशी तीन चाळीसला काहीच आलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही.

मला वाटतं, गोष्ट इथे संपायला हवी होती.

पण तिचं मन तिला खाऊ लागलं. मेलेल्या माणसाला उत्तर दिलं, मग जिवंतांचं काय? हिरामणची बायको सरस्वती रोज दुपारी दिपेशला बघायला दवाखान्यात जाते, असं तिनं ऐकलं होतं. दिपेशला आता थोडं बोलता येत होतं. तिनं ठरवलं, दोघांसमोर सगळं कबूल करायचं.

ती गेली. दिपेश उशीला टेकून बसला होता. सरस्वती त्याला पेज भरवत होती.

"नमस्कार काकी," जागृती म्हणाली. "मी कंट्रोल रूममधून आले. त्या दिवशी ड्युटीवर मीच होते."

दिपेशनं झटकन मान वर केली.

"हाच... हाच आवाज," तो घोगऱ्या गळ्यानं म्हणाला. "काकी, सेटवर ह्याच मॅडम होत्या."

जागृतीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"सेटवर?"

"तुमीच बोललात ना, मॅडम. दादा दहा मिनिटं कॉल करत होते. कोण उचलत नव्हतं. मी वर झरोका बघितला. पिंपावर चढलं की निघता येत होतं. दादांना म्हटलं, चला. ते पण उठले."

त्याला ठसका लागला. सरस्वतीनं पाणी दिलं.

"आणि तेवढ्यात तुमी बोललात. 'आवाज येतोय दादा, तिथेच थांबा, गाडी मागच्या बाजूनं पाठवते.' मग दादा खाली बसले. म्हणाले, तू जा, मी येतू. कंट्रोलनी थांब म्हनलंय. गारी येनार हाय, मागनं शटर उघरायला कोन तरी पायजे आतून."



"मी बाहेर पडलो आणि ती पिंपं फुटली."

जागृतीनं मनातल्या मनात तारखा मोजल्या. त्या दुपारी सेटचा आवाज पार बंद होता. ती एक शब्द बोलली नव्हती. जे बोलली होती ते आता, गेल्या आठवड्यात...

सरस्वतीनं तिचा हात धरला. बिचारीला काय ठाऊक.

"बाय, म्हंजे तू आयकलंस त्याचं? मानसा म्हनतान त्यानी हाक मारलीच नाय. मी सांगत व्हते, तो असा नाय. तू आयकलंस ना?"

जागृतीला खोटं बोलून सुटता आलं असतं. ती नाही बोलली. सेट बंद केल्याचं सांगितलं. निरंक सांगितलं. हेडफोनमधला आवाज सांगितला, आणि आपण त्याला काय उत्तर दिलं तेही.

सरस्वती ऐकत राहिली. तिनं हात सोडला नाही. मग अगदी हळू आवाजात म्हणाली,

"तू आवाज बंद केलास, ते माफ करीन मी. मानूस हाय, चुकतं. पन बाय... तू त्याला थांब कशाला म्हनलीस?"



दुसऱ्या दिवशी जागृतीनं श्यामसुंदर सरांकडे लेखी जबाब दिला. सेट बंद ठेवल्याचा आणि खोट्या नोंदीचा. हेडफोनमधल्या आवाजाचं लिहिलं नाही, ते लिहिणार तरी कसं? हिरामणवरचा ठपका पुसला गेला. जागृतीवर खात्याची चौकशी लागली. आता ती आवक-जावक टेबलावर असते. तिथे सेट नाही.

परवा मी तिला भेटलो. फार वाळली आहे. भीत भीत विचारलं, "अजून येतो का गं आवाज?"

"दवाखान्यातून आल्यापासून परत सुरू झाला," ती म्हणाली. "टेबलावरच्या फोनमध्ये येतो. तीन चाळीसला."

"मग तू काय करतेस?"

तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

"रोज ओरडून सांगते. थांबू नका दादा, बाहेर पडा. बाहेर पडा. लोक वळून बघतात माझ्याकडे."

"आणि तो?"

"तो म्हणतो... कंट्रोल, माजा आवाज येतंय का?"