अर्ध्या पडद्यावरचा खेळ

एसटीच्या खिडकीतून पिशवी आत टाकली की ती जागा आपली, हा कायदा कुठल्या पुस्तकात लिहिलेला नाही. पण जालन्याच्या स्टँडवर त्याच्याइतका दुसरा कुठलाच कायदा पाळला जात नसे. सत्यशीला तर त्यात तरबेज होती. डी.एड.च्या वसतिगृहातून दर शनिवारी दुपारी ती टेंभुर्णीला घरी निघायची. गाडी लागली की धावत खिडकी गाठायची, टाचा उंचावून पिशवी आत ढकलायची, आणि मग दारातली रेटारेटी संपल्यावर सावकाश, राणीसारखी चढायची.

त्या शनिवारीही तिने तेच केलं. फक्त त्या दिवशी पिशवीत आईचा दुरुस्त करून आणलेला कुकर होता. पिशवी आत पडली तेव्हा ‘कट्’ असा काहीतरी आवाज झाला. कुकरचं झाकण असेल, असं म्हणत ती चढली.

झाकण नव्हतं. पिशवी उचलली तर खाली निळ्या चौकड्यांचा रुमाल होता. म्हणजे तिच्या आधी कुणीतरी जागा धरून पाणी प्यायला उतरलं होतं. रुमालाखाली काहीतरी टणक लागलं. तिने कोपरा उचलून पाहिलं — हातात मावेल एवढा व्हिडिओ गेम. आणि त्याच्या इवल्याशा पडद्यावर एक काळा डाग, कागदावर शाई सांडावी तसा, तिच्या डोळ्यांदेखत पसरत होता.

तिने ते रुमालाने होतं तसं झाकून टाकलं.

कुणी पाहिलं नव्हतं. ती शेजारच्या जागेवर बसली, कुकर पायांत घेतला आणि खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं. आता तो माणूस आला की सांगून टाकायचं, असं तिने ठरवलं होतं; अगदी शब्दही जुळवले होते. पण तेवढ्यात भाजी विकून परत निघालेली सगुणाबाई नावाची म्हातारी आली आणि धाप लागली म्हणून तिने आपली पाटी त्या रुमालावरच टेकवली. पाटीत भाजी नव्हती, पण तराजू होता आणि लोखंडी वजनं होती.

आणि नेमका त्याच क्षणी रुमालाचा मालक आला.

“मावशे, खाली रुमाल हाय माझा,” तो म्हणाला. उंच, सावळा, हातात पाण्याची बाटली. त्याने पाटी अलगद उचलून खाली ठेवली, रुमाल बाजूला केला आणि काळवंडलेल्या पडद्यावरून अंगठा फिरवला.

कंडक्टर मात्र गप्प राहणाऱ्यातला नव्हता. “म्हातारे, शिटावर वजनं ठेवायची असतात का? पाह्य, काय करून ठेवलं पोराचं!”

“अगं बया... माह्या पाटीनं मोडलं का रे लेकरा?” सगुणाबाईचा चेहरा पार उतरला.

“जाऊ द्या मावशे. तुम्हाला काय ठावं खाली काय हाय ते.” मग तो सत्यशीलाकडे वळला. “तुम्ही इथंच बसल्त्या ना? पाटी ठेवली तवा काही वाजलं का हो?”

जुळवलेले सगळे शब्द तिच्या तोंडाशी होते. ते तिने गिळले.

“मला न्हाई ठाऊक,” ती म्हणाली. “मी बाहीर पाहत होते.”

एवढं एकच वाक्य. पण तोंडातून बाहेर पडलं आणि तिचे कान तापले.

गाडी गावाबाहेर पडली. दोन्हीकडे पांढरी फुटलेली कपाशी, हिवाळ्याचं मऊ ऊन. त्याने गेमचं बटण दाबलं. डाव्या अर्ध्या पडद्यावर चित्र आलं, उजवा अर्धा काळाच राहिला. बारीक गोड संगीत वाजायला लागलं. दोन गोलमटोल प्राणी तुरुतुरु चालत आले, एक लठ्ठ, एक चिमुकला.

तिला हसू आलं आणि हसू आल्याचीच लाज वाटली.

“दाजींनी कुवेतहून आणला,” तो म्हणाला. “बावीस वर्षांचा घोडा झालो, तरी खेळतो. मी बियाण्याच्या कंपनीत हाय, जालन्यात मस्तगडला खोली घेतली, शनवारी तेवढं घरी जातो. संध्याकाळी दुसरं काय करणार? हा जाड्या लाडू. हा बारका बत्तासा. लाडू खोके ढकलतो, बत्तासा फटीतून जातो. दोघं बी दारापाशी आल्याबिगर दार उघडत न्हाई.”

“एकटा आला तं?”

“एकटा आला तं नुसता उभा राहतो. मी लई वेळा उभं करून पाह्यलं.”

लाडू चालत चालत काळ्या डागात शिरला आणि नाहीसा झाला. “आता?” तिने विचारलं.

“आता अंदाजानं. तिथं शिडी हाय. दिसत न्हाई, पण हाय.” त्याचा अंगठा आंधळेपणानेच फिरला, आणि थोड्या वेळाने लाडू वरच्या मजल्यावर, उजेडात, टुण्णकन बाहेर आला. त्याने विजयी मुद्रेने तिच्याकडे पाहिलं. डोळे हसरे होते त्याचे. असं कुणी आपल्याकडे पाहिलं की बरं वाटतं. तिला बरं वाटलं आणि त्याच वेळी कुकर डोक्यात घालून घ्यावासा वाटला.

“नाव काय तुमचं?” तिनेच विचारलं.

“हसणार न्हाई म्हणा आधी.”

“न्हाई हसत.”

“कडूबा.”

ती हसली. “पाह्यलं?” तो म्हणाला. “माझ्या आधीची दोघं जगली न्हाईत. आजी म्हणे, कडू नाव ठेवा, मंग कुणाची नजर न्हाई लागत. तुमचं काय?”

“सत्यशीला,” ती म्हणाली. स्वतःचं नाव उच्चारताना जीभ इतकी जड कधीच झाली नव्हती.

पुढच्या शनिवारी खिडकीची जागा रुमालाने धरलेली होती, आणि शेजारची एका वर्तमानपत्राने. वर्तमानपत्र तिच्यासाठी होतं. हे त्याने सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. ती नुसती बसली. मग हे दर शनिवारचंच झालं. गेम एक, माणसं दोन, म्हणून डावी बाजू त्याच्या हातात, उजवी तिच्या. चालवायचं त्याने, उडी मारायची तिने.

“आता...” तो म्हणायचा.

“आता?”

“अहं... थोडं थांब. हां — मार.”

ती मारायची. प्राणी कधी पार व्हायचा, कधी काळ्या डागात कुठेतरी पडून पुन्हा सुरुवातीला यायचा. “तुम्ही उशिरा सांगता,” ती म्हणायची. “तू माझ्या तोंडाकडं पाहत राहते, बटणाकडं न्हाई,” तो म्हणायचा. ‘तुम्ही’चं ‘तू’ त्याच्याकडून कधी झालं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. खड्ड्यातून गाडी गेली की खांदे लागायचे, आणि त्या रस्त्याला खड्ड्यांची काही वाण नव्हती.

हे सगळं गोडच होतं. पण सगुणाबाई होती ना.

ती दर शनिवारी त्याच गाडीला असायची, आणि दर शनिवारी परसातले पेरू पदरातून काढून कडूबाच्या हातावर ठेवायची. “खाय लेकरा. तुह्या मशिनीची भरपाई तं म्या काय करणार?” तो नको नको म्हणायचा, ती ऐकायची नाही. मग तो पेरू फोडून मोठा अर्धा सत्यशीलाला द्यायचा. पेरू आतून गुलाबी, साखरेसारखे. तिच्या घशाखाली उतरत नसत. तरी ती खायची. ‘नको’ म्हटलं तर तो ‘काहून?’ विचारेल, आणि त्या ‘काहून’चं उत्तर तिच्याजवळ एकच होतं.

सांगायचं तर पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. दुसऱ्या शनिवारी ते दुप्पट अवघड झालं. आता तर अशी गत होती की खरं सांगितलं तर तो उठून जाईल आणि नाही सांगितलं तर आपलाच जीव आपल्याला खाईल. वसतिगृहात वर्गपाठाचं टाचण काढताना तिची लेखणी थांबायची आणि डोळ्यांपुढे म्हातारीचा उतरलेला चेहरा यायचा. नाव सत्यशीला, शिकतेय मास्तरीण व्हायला! तिला स्वतःची शिसारी यायची. आणि शनिवार आला की तीच सत्यशीला केसांना तेलपाणी करून, नवी टिकली लावून स्टँडवर लवकर हजर.

संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी दोघं खेळाच्या अशा टप्प्याला येऊन पोचले, जिथे कडूबाही आधी कधी गेला नव्हता. दार उजव्या कोपऱ्यात होतं, पार डागाच्या आत.

“इथलं मला बी ठाऊक न्हाई,” तो म्हणाला. “फुटायच्या आधी इथवर आल्तोच न्हाई मी.” मग त्याने गेम मांडीवर ठेवला आणि आवाज खाली आणला. “एक विचारू? संक्रांतीला मी घरी बोलणार हाय. तुह्याबद्दल... बोलू ना?”

तिच्या छातीत लख्ख ऊन पडलं.

“मला तुझं काय आवडतं सांगू?” तो पुढे म्हणाला. “तुह्या पोटात एक, ओठात एक, असं न्हाई. बिलकुल न्हाई.”

ऊन गेलं. तिने मान फिरवली आणि समोर सगुणाबाई दिसली. म्हातारी दांड्याला धरून उभी होती, पाटी कमरेवर. शेजारी अर्धं बाकडं मोकळं होतं.

“मावशे, बसा की,” सत्यशीला म्हणाली. “जागा हाय.”

“न्हाई गं माय. बसलं की पाटी कुठंतरी टेकती. पुन्हा कुणाचं काही मोडलं तं?” ती सहज म्हणाली. “आता मी उभीच येते. सवय झाली.”

सवय झाली. इतके शनिवार ही बाई उभ्याने येत होती आणि पुढ्यातला खेळ खेळणाऱ्या सत्यशीलाला ते दिसलंसुद्धा नव्हतं.

ती उठली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला, आणि पुढच्या चार बाकड्यांवरच्या माना वळल्या.

“मावशे, तुमच्या पाटीनं काही मोडलं न्हाई. माझ्या पिशवीनं मोडलं. मी खिडकीतून कुकर टाकल्ता. तुम्ही यायच्या आधीच फुटलं होतं ते, मी पाह्यलं होतं. पाहून झाकून ठेवलं.”

सगुणाबाईने कमरेवरची पाटी सावरली.

“अन् माहे पेरू?” ती म्हणाली. “तू बी खाल्ले ना गं ते?”

“खाल्ले.”

“आन् मला त्या कंडक्टरनं बोल लावला, तवा तू इथंच होती.”

“होते.”

म्हातारीने मान वळवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कडूबा उठला, त्याने सगुणाबाईच्या हातातून पाटी घेतली, तिला खिडकीशी, आपल्या जागेवर बसवलं, आणि स्वतः मागच्या दारापाशी जाऊन उभा राहिला. सत्यशीलाकडे त्याने पाहिलं नाही. ती टेंभुर्णीपर्यंत दांडा धरून उभी राहिली. तिची जागा शेवटपर्यंत रिकामीच होती. त्या जागेवर वर्तमानपत्र तसंच पडून होतं.

संक्रांत गेली. पुढच्या शनिवारी ती स्टँडवर न जाता आधी भाजीबाजारात गेली. सगुणाबाई वजनं आवरत होती.

“द्या पाटी इकडं,” सत्यशीला म्हणाली.

“झेपंल का मास्तरीणबाई?”

“झेपवीन.”

तिने पाटी डोक्यावर घेतली. लोखंड चांगलंच जड होतं. वाटेत वसतिगृहातल्या दोघी मैत्रिणी समोरून आल्या, बघत राहिल्या; तिने नजर चुकवली नाही. इतक्या दिवसांच्या लाजेपुढे ही लाज म्हणजे काहीच नव्हती.

“मला राग हाय अजून,” चालता चालता सगुणाबाई म्हणाली.

“असू द्या.”

“पेरू न्हाई देणार.”

“नका देऊ.”

स्टँड जवळ आला. म्हातारी पदर सारखा करत म्हणाली, “पुढच्या शनवारी पाहू.”

गाडी लागलेली होती. सत्यशीलाने खिडकीतून काहीही टाकलं नाही. सगुणाबाईला आधी चढवलं आणि पाटी घेऊन सगळ्यांच्या शेवटी ती चढली, उभं राहायच्या तयारीनेच. पण तिघांच्या बाकड्यावर, खिडकीपासून कडेपर्यंत, तो निळा रुमाल पसरला होता. कडूबा बाजूला उभा होता. गेम या वेळी त्याच्या खिशात होता.

“मावशे, तुम्ही खिडकीपाशी,” तो म्हणाला. “पाटी माझ्या पायाशी राहू द्या.”

मधली जागा उरली. ती बसली. गाव मागे पडेपर्यंत कडेला बसलेला कडूबा पायाशी सरकणारी पाटी सावरत राहिला.

“काचेचा राग न्हाई आला मला,” शेवटी तो म्हणाला. “काच काय, फुटतेच. पेरूचा आला.”

“येणारच.”

“पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तं मी हसून सोडलं असतं. इतके शनिवार काहून लागले?”

ती कुकर नसलेल्या पिशवीचे बंद पिळत राहिली. “आधी भीती वाटली, तुम्ही वरडसाल म्हणून. मंग...”

“मंग काय?”

“मंग वाटलं... तुम्ही दुसरीकडं बसाल. ती भीती मोठी होती.”

बाहेर कपाशी वेचून झालेली होती, रानं मोकळी पडली होती. मग त्याने खिशातून गेम काढला, बटण दाबलं आणि उजवी बाजू तिच्यासमोर धरली.

“आठवडाभर लावला न्हाई,” तो म्हणाला. “एकट्यानं जमत बी न्हाई आता. धर.”

लाडू निघाला, काळ्यात गेला आणि कुठेतरी थांबला. मग बत्तासा निघाला. पुढे शिडी आहे की खड्डा, दोघांनाही ठाऊक नव्हतं. “आता,” कडूबा म्हणाला. ती या वेळी त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती. तिने उडी मारली.

पडद्यावर काहीच दिसलं नाही. फक्त कधीही न ऐकलेला एक चिमुकला सूर वाजला, देवळातल्या घंटीसारखा टिणटिणत वर चढत गेला.

“काय वाजलं गं?” सगुणाबाईने डोळे उघडून विचारलं.

“दार उघडलं, मावशे,” सत्यशीला म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

कडूबाने गेम दोघांच्या मध्ये टेकवला, पण उजवी बाजू तिच्याच हातात राहू दिली. “उद्या घरी बोलतो,” तो हळूच म्हणाला. “संक्रांतीला न्हाई बोललो.”

“बोला. पण सगळं सांगा,” ती म्हणाली. “कुकर बी सांगा. पेरू बी.”